डिव्होर्स चालू असताना मित्राची मदत कशी घ्यायची

माझा डिव्होर्स होऊन आता तीन वर्षं होत आली, म्युच्युअलच होता, म्हणजे दोघांच्या संमतीने, पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात. त्या काळात मला एका मित्राने धरून ठेवलं, पण पहिले चार महिने मी त्यालाही काही कळू दिलं नव्हतं, ऑफिसात सोसायटीत सगळीकडे "मिसेस माहेरी गेलीये" एवढंच. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो, एका माणसाला लवकर सांगा. एकालाच, पण नीट निवडून. तुमच्या बायकोलाही ओळखणारा आणि तरी तिला नावं न ठेवणारा असा कोणी असेल तर तोच. "बरं झालं सुटलास" म्हणणारे भरपूर भेटतात, बसायला नेतात, दोन पेग झाले की तिला शिव्या घालतात, आणि घरी आल्यावर आपल्याला अजूनच घाण वाटतं कारण इतकी वर्षं संसार आपण तिच्यासोबतच केलेला असतो.

समोरासमोर बोलणं जमत नसेल तर गाडीवर सांगा. मी त्याच्या बाईकवर मागे बसून सांगितलं, तोंड दिसत नसलं की शब्द निघतात. त्याने गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "जेवलायस का?" बाकी काहीच नाही.

मग मदत मागताना काम सांगायचं. "काही लागलं तर सांग" सगळेच म्हणतात आणि आपण कधीच सांगत नाही. मी त्याला तीन कामं दिली, रोज रात्री दहाला फोन करायचा, तारखेला सोबत यायचं, आणि मी तिला लिहिलेला मेसेज आधी त्याने वाचायचा. हे तिसरं फार उपयोगी पडलं. रात्री एक वाजता मी मोबाईलवर पानंच्या पानं लिहायचो, ते सगळं तिला न पाठवता त्याला पाठवायचो, आणि सकाळी तो विचारायचा यातलं नक्की काय पाठवायचंय. बहुतेक वेळा एकच ओळ उरायची, "शनिवारी लेकीला न्यायला किती वाजता येऊ?" व्हॉट्सॲपचं चॅट कोर्टात पुरावा म्हणून लावतात हे विसरू नका, रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य ताब्याच्या आणि भेटीच्या बोलण्यात परत समोर येतं.

कायद्याचं मात्र वकिलालाच विचारा, मित्राला अर्धा वकील बनवू नका. तरी ढोबळ माहिती दोघांनाही असू दे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ ब प्रमाणे म्युच्युअलसाठी अर्ज करायच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं, आणि मग अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत कोर्टासमोर उभं राहून हो म्हणायचं. पोटगी, मुलांचा ताबा सगळं खरंच मिटलेलं असेल आणि समेटाची शक्यता नसेल तर ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय. वाट बघण्याचा काळ फार वाईट असतो, कारण तेव्हा करायला काहीच नसतं.

तारखेच्या दिवशी अख्खी सुट्टी टाका, अर्धा दिवस नको. माझ्या मित्राने फाईल धरली, लग्नाचा दाखला, आधार, फोटो, झेरॉक्स सगळं क्रमाने लावलेलं. बाहेर बाकावर ती भावासोबत बसलेली, हा सरळ उठून गेला आणि "वहिनी, पाणी आणू का" म्हणाला. मला तेव्हा भयंकर राग आला होता. पण त्यानंतर आम्ही दोघं आत जाताना एकमेकांकडे बघू शकलो हेही खरं.

घरी एकट्याने खाण्याचं अवघड असतं. तो रविवारी पोहे घेऊन यायचा पण स्वतः करायचा नाही, मला कांदा चिरायला बसवायचा. कुकरला एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, इथून सुरुवात केली. बेसिनवरच्या कपात लेकीचा छोटा गुलाबी ब्रश होता, तो मी कितीतरी दिवस हलवला नाही, त्यानेही कधी हलव म्हटलं नाही.

आणि मित्राला न झेपणारं त्याच्यावर टाकू नका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगावंसं वाटत नाही, असं झालं तर डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट. माझ्या मित्राने स्पष्ट सांगितलं होतं, "हे मला झेपत नाहीये, आपण डॉक्टरकडे जाऊ," आणि तो दवाखान्याबाहेर तासभर बसून राहिला. त्यालाही बायको-पोरं आहेत, म्हणून दहाच्या फोनवर त्याच्या घरचंही विचारत जा.

डिक्री, म्हणजे डिव्होर्सचा कोर्टाचा हुकूम, झाली की सर्टिफाइड कॉपी दोन-तीन काढून ठेवा, आणि बँक, इन्शुरन्स, पीएफ सगळीकडचे नॉमिनी स्वतः जाऊन तपासा, ते आपोआप बदलत नाहीत. आम्ही एका संध्याकाळी बसून यादी केली आणि एकेक फॉर्म भरला. ऑफिसच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा रकाना होता, तिथे पेन थांबलं, त्याने फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःचा नंबर लिहिला.