स्पॉट वेल्डच्या लॅपला सीलंट लावताना

आयटीआयतून आलेली पोरं पहिल्याच दिवशी सीलंटची, म्हणजे फट बुजवायच्या रबरी लगद्याची, गन मागतात. गन सगळ्यात शेवटी. आधी सांधा समजून घ्या.

एका ॲल्युमिनियम पत्र्याच्या कडेवर दुसरा चढवला की झाला लॅप. त्यावर स्पॉट, म्हणजे ठिपक्याठिपक्याने वेल्ड, मारले की दोन स्पॉटच्या मधे बारीक फट राहते. डोळ्याला दिसत नाही, पण पाणी आपोआप आत ओढून घेते. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत जवळजवळ नाही. या फरकामुळेच आतला धातू गंजू लागतो. बाहेर कडेला जरा पांढरी पूड दिसते, तोवर आत ती साठून पत्रे फुगवत असते आणि ताण स्पॉटवर येतो. 28 एप्रिल 1988 ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं पुढचं छत उडालं. तो सांधा रिव्हेटचा होता, वेल्डचा नव्हे. पण चिकटवलेला लॅप सुटून आत ओल आणि गंज शिरणं, आणि रिव्हेटच्या भोकांपाशी धातू थकून भेगा पडणं, यातून ते झालं.

आता क्रम. वेल्ड झालेला लॅप सील न करता सल्फ्युरिक ॲनोडायझिंगच्या (ॲसिडमध्ये वीज सोडून पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढवायच्या) टाकीत अजिबात बुडवायचा नाही. ॲसिड फटीत शिरतं, कितीही धुतलं तरी निघत नाही, आणि रंगाखालून पाझरत राहतं. तेव्हा आधी वेल्ड, मग वेल्डची तपासणी, मग सील, ते पूर्ण सुकल्यावर पुढची प्रोसेस. आणि टाकी कुठली चालेल ते ड्रॉइंग बघून. पत्र्यांच्या मधे आधीच पेस्ट भरून त्यावरून स्पॉट मारायची पद्धतही आहे, पण तिला वेगळं मंजूर मटेरियल आणि वेगळं सेटिंग लागतं. ड्रॉइंगवर नसेल तर तो विचार सोडा.

सफाईला दोन फडकी घ्या: एक सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की सॉल्व्हंट उडायच्या आत कोरड्याने टिपायचं. आपोआप सुकू दिलं तर विरघळलेलं तेल तिथेच परत बसतं. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत दर वेळी नवीन घडी. सॉल्व्हंट थेट लॅपवर ओतू नका, ते फटीत जाऊन बसेल. त्यानंतर उघड्या हाताने कडेला बोट लावलं तर सफाई पहिल्यापासून.

पॉलिसल्फाइड, म्हणजे आपलं सीलंट, त्याचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणात वजन करून घ्या, अंदाजाने नको. डब्याच्या तळाचं आणि कडेचं खरवडून, एकही पांढरी रेघ उरणार नाही इतकं मिसळा, पण घुसळू नका, हवा शिरते. डब्यावर बी-2 लिहिलंय म्हणजे लावायला दोन तास, हा हिशोब साधारण 25 अंशांचा. नाशिकच्या मे महिन्यात शेड तापलेली असताना, किंवा जुलैच्या दमट हवेत, तेवढा वेळ मिळत नाही. थोडं थोडंच मिसळा.

आता गन. नॉझल कडेच्या कोपऱ्यात टेकवा आणि सीलंटचा गोळा नॉझलच्या पुढे ढकलत न्या. नॉझल मागे ओढत नेलं तर सीलंट वरवर पडतं आणि खाली हवेचा पोकळ बोगदा राहतो. वरून मात्र झकास दिसतं! मग स्पॅच्युलाने दाबून फिरवा, सीलंट दोन्ही पत्र्यांवर चढलं पाहिजे. बुडबुडा दिसला तर फोडून लगेच परत दाबा. गुळगुळीत यावं म्हणून स्पॅच्युला सॉल्व्हंटमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायची सवय काही जुन्या हातांना असते. ती उचलू नका, वरचा थर कच्चा राहतो. मास्किंग टेप सीलंट ओलं असतानाच काढा.

मिसळलेल्यातलं थोडं कागदावर लावून त्यावर बॅच नंबर आणि वेळ लिहून जॉबशेजारीच ठेवा. ड्युरोमीटर, म्हणजे कडकपणा मोजायचं यंत्र, या नमुन्यावर टेकवायचा, जॉबवर नाही. नमुना नखाने दबत असेल तर पेंट शॉपमधून कितीही फोन आले तरी जॉब हलवायचा नाही.