बडोद्यात संग्रहालयाचं काम शिकताना : आधी नोंदवही, मग वस्तू

कमाटीबागेतल्या संग्रहालयात शिकायला येणाऱ्यांचा जीव देवमाशाच्या सांगाड्यात नाहीतर इजिप्तच्या ममीत अडकलेला असतो. काम मात्र नोंदवहीपासून सुरू होतं. कुठून आली, कधी आली, कोणी दिली हे हरवलं, की बडोद्याजवळच्या अकोट्याची जैन मूर्तीसुद्धा नुसती जुन्या धातूची मूर्ती उरते.

शिक्षणासाठी गावाबाहेर जायची गरज नाही. सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून म्युझियॉलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. इतिहासवाल्यांइतकंच रसायनशास्त्रवाल्यांनाही इथे काम आहे. मराठी घरातल्या मुलांनी मोडी मात्र शिकूनच यावं, कारण जुन्या बडोदे सरकारचा बराच कारभार मोडीत चालायचा.

वस्तू आली त्याच दिवशी नोंद करा. क्रमांकाचे तीन भाग धरा : 2024.7.3 म्हणजे 2024 साली आलेल्या सातव्या खेपेतली तिसरी वस्तू. उंची, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये लिहा. नाण्याचं वजन ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत घ्या. चूक झाली तर एकच रेघ मारून सही करा, व्हाइटनर लावू नका. खोडलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीच द्यायचा नाही.

धातू-दगडावर क्रमांक थेट लिहू नये. तळाशी किंवा मागे पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर द्या, तो वाळल्यावर शाईने लिहा आणि वरून पुन्हा एक थर द्या. असा क्रमांक पुढे ॲसिटोनने निघतो. कागदावर मागच्या कोपऱ्यात 2बी पेन्सिल, कापडाला शिवलेली सुती फीत. नाण्यावर काहीच लिहायचं नाही, क्रमांक पाकिटावर.

नाण्यांत नवखे हमखास फसतात. बाबाशाही रुपयावर फारशीत मोगल बादशहाचं नाव असतं, म्हणून नोंद होते ‘मोगल’. कडेला नागरी आद्याक्षर आहे का, तलवारीची खूण आहे का, ते भिंगाखाली बघा. ते गायकवाडांचं नाणं असतं.

मोडी कागदांत खरी कसोटी तारखेची. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार : शुहूर सन (अरबी अंकांच्या नावांनी लिहिलेलं मराठेशाहीतलं वर्ष) 1173. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे (1772), जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 (1773). तारखेआधीचं ‘छ’ म्हणजे चंद्र. त्यापुढे हिजरी महिना असतो, तो पाहिल्याशिवाय साल ठरवू नका. फसली, म्हणजे महसुली सन समजून 590 मिळवले, की नऊ वर्षांचा घोळ होतो आणि पत्र भलत्याच राजाच्या काळात जाऊन बसतं. मूळ तारीख जशीच्या तशी लिहा, इसवी सन शेजारच्या रकान्यात.

काशाच्या मूर्तीवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर ती धूळ समजून पुसू नका. क्लोराइड आणि दमट हवेमुळे धातू आतून खाल्ला जातोय. मूर्ती वेगळी काढा, ओल शोषणारं सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा, संवर्धकाला कळवा. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावून देवघरातल्यासारखी लख्ख केलेली मूर्ती संशोधकाच्या कामाची राहत नाही. वरच्या थराबरोबर बारीक लेखही झिजतो, आणि अकोट्याच्या काही मूर्तींचा काळ अशा लेखांवरूनच ठरलाय.

कापड आणि कागदावरच्या चित्रांवर प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आत ठेवा. शालू-पैठणी घडी घालून ठेवली तर जरीची तार घडीवरच तुटते. आम्लरहित कागद लावलेल्या नळीवर, जरीची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

पावसाळ्यात दर आठवड्याला दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बघा. कसर आधी शिवणीत आणि खळीच्या जागी लागते. लागलेला रुमाल लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि पिशवीवर तारीख टाका.