आईला अल्झायमर आहे, मग आपला एपीओई रिपोर्ट वाचायचा कसा?

एपीओई हा अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेला एक जीन. त्याची टेस्ट करायच्या आधीच ठरवा, रिझल्ट कळून काय करणार? डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसनने २००७ मध्ये स्वतःचा अख्खा जीनोम (सगळा डीएनए) जगाला दाखवला पण एपीओई तेवढं झाकून ठेवायला सांगितलं, त्यामुळे नको वाटलं तर लाजू नका.

रिपोर्टमध्ये ई२, ई३, ई४ या जीनच्या प्रकारांपैकी दोन दिसतील, एक आईकडून एक बाबांकडून. ई३/ई३ सगळ्यात कॉमन. एक ई४ असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारापट असं म्हणतात, पण हे आकडे मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांवरून आलेत, आपल्याला जसेच्या तसे लावू नका. नुसता रॉ डेटा (डीएनए टेस्टची कच्ची फाइल) असेल तर त्यात आरएस४२९३५८ (rs429358) ही डीएनएमधली जागा शोधा, तिथे टीटी म्हणजे ई४ नाही, सीटी म्हणजे बहुतेक एक, सीसी म्हणजे दोन.

ई४ असूनही कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो. मात्र घरात चाळिशी-पन्नाशीतच दोघा-तिघांना झाला असेल तर प्रकरण वेगळं, तिथे पीएसईएन१, पीएसईएन२, एपीपी हे दुसरे जीन बघावे लागतात, आधी जेनेटिक काउन्सेलर गाठा.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं चालतं हो. दहा मिनिटांपूर्वी सांगितलेलं पुसून जातंय, हिशोब चुकतायत, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतोय, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. बी१२ आणि थायरॉइडही तपासा, त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. बीपी, शुगर, कानाचं मशीन यांत टाळाटाळ नको.