गावात आवडत्या अभिनेत्रीची शोकसभा घेताना

‘ठरलं तर मग’ मालिकेतील पूर्णाआजी, म्हणजे ज्योती चांदेकर, यांचे १६ ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा विदर्भात निंदणाचे दिवस होते. अशा हंगामात शोकसभा बाया वावरातून परतून, हातपाय धुऊन, चुलीवर भाजी टाकून मोकळ्या झाल्यावरच समाजमंदिरात ठेवावी. बातमी आधी वर्तमानपत्रातून पडताळावी, कारण व्हॉट्सॲपवर जिवंत कलावंतांनाही श्रद्धांजली वाहिली जाते. फोटो भूमिकेतला चालेल, मात्र खाली खरे नाव ठळक लिहावे. पुढाऱ्यांची भाषणे आवरती ठेवून (ती लांबतातच) पहिला मान मालिका न चुकवणाऱ्या एखाद्या आजीला द्यावा. ती आवडता प्रसंग संवादांसकट सांगेल, मध्येच हसेलही, तिला थांबवू नये. मौन दोन मिनिटांचे पुरे.