छोट्या व्यवसायात मोबाईल ॲप कसे आणावे : ठाणे आणि नवी मुंबईतील दुकानदारांसाठी

कोणते ॲप घ्यावे, असे कोणी विचारले की मी त्यांना आधी एक कोरी वही घ्यायला सांगतो. ठाणे आणि नवी मुंबईतील लहान व्यवसायांचे हिशेब लिहिण्याचे काम मी करतो. ॲपमुळे भरभराट झालेली दुकाने मी जितकी पाहिली, तितकीच ॲप घेऊन दोन महिन्यांत विसरून गेलेलीही पाहिली. या दुसऱ्या प्रकारच्या दुकानांत बहुधा एकच गोष्ट घडलेली असते : ॲप आधी घेतले गेले आणि त्याला काम नंतर शोधले गेले.

वहीत सात दिवस एवढेच लिहायचे की पैसा, वेळ किंवा गिऱ्हाईक आपल्या हातून नेमके कुठे निसटले, त्यात अंदाजे किती रुपये गेले आणि ते कशामुळे. नौपाड्यातील एका पोळी-भाजी केंद्राच्या मालकीणबाईंनी अशी वही ठेवली. त्यांची ठाम समजूत होती की आपल्याला ‘मोठ्या हॉटेलांसारखे’ स्वतःचे ॲप हवे. सात दिवसांनी वही पाहिली, तर त्यात सर्वाधिक नोंदी एकाच कारणाच्या होत्या : संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात फोन वाजतो, हाताला कणीक लागलेली असते, फोन उचलला जात नाही आणि गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतल्या केंद्राला फोन लावते. आठवड्यात असे अकरा फोन सुटले होते. दुसरी गळती चुकीच्या पत्त्यांची होती, कारण ‘बी विंग’ आणि ‘डी विंग’ फोनवर एकसारखेच ऐकू येते. या दोन्ही गळत्या बुजवायला नवे ॲप बनवून घेण्याची काहीच गरज नव्हती. ऑर्डर बोलण्याऐवजी लिहून आली की दोन्ही प्रश्न संपत होते.

अशा व्यवसायाने पहिले पाऊल म्हणून व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावून घ्यावे. २०१८ साली आलेले हे ॲप विनामूल्य आहे आणि नेहमीच्या व्हॉट्सॲपपेक्षा वेगळे आहे, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. घरच्या नंबरावर धंदा चालवू नये. दुकानासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे किंवा दुकानाच्या लँडलाइनवरच खाते उघडावे, कारण पडताळणीचा आकडा फोन करूनही सांगितला जातो. त्यानंतर दुकानाची वेळ, पत्ता आणि कॅटलॉग भरावा. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचा किंवा वस्तूचा फोटो, दर आणि नग स्पष्ट लिहावेत : ‘पुरणपोळी, १ नग’ आणि ‘पुरणपोळी, ५ नगांचे पाकीट’ या दोन वेगळ्या नोंदी असाव्यात, नाहीतर होळीच्या दिवशी पाच मागितल्या की पाकिटे मागितली यावरून वाद होतो. फोटो दुपारच्या उजेडात, साध्या स्टीलच्या ताटावर आणि स्वतःच्याच पदार्थाचा काढावा. इंटरनेटवरून उचललेला गुळगुळीत फोटो लावला, तर प्रत्यक्ष पोळी त्याहून फिकी दिसते आणि तक्रार तिथूनच सुरू होते.

मग दोन सोयी मनापासून वापराव्यात. पहिली, तयार उत्तरे. ‘पत्ता, इमारत, विंग, मजला आणि किती वाजता हवे ते कृपया लिहून पाठवा’ हे वाक्य एकदा साठवले की पुढे दोन अक्षरे टाकून पाठवता येते. दुसरी, लेबले : ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पोचली’ अशी तीन लेबले पुरतात. मी दहा लेबले केलेले दुकानदारही पाहिले आहेत; त्यातली आठ त्यांनाच आठवत नाहीत. सर्व गिऱ्हाइकांना एकाच वेळी निरोप पाठवण्याची ब्रॉडकास्टची सोय ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांच्यापर्यंतच पोहोचते. म्हणून पहिल्याच डब्यासोबत ‘हा नंबर साठवून ठेवा, रोजची भाजी कळवू’ अशी चिठ्ठी द्यावी. कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये घालू नये. लोक रागावून ग्रुप सोडतात आणि त्याबरोबर दुकानही सोडतात.

पैशांच्या बाबतीत बहुतेक दुकानांत क्यूआर कोड आधीच चिकटवलेला असतो, त्यामुळे तिथे थोडक्यात सांगतो. क्यूआर वैयक्तिक खात्याचा नसावा, व्यवसायाच्या चालू खात्याला जोडलेला असावा. वर्षाअखेरीस घरखर्च आणि विक्री वेगळी काढताना माझ्यासारख्याचे चार दिवस वाचतात आणि तुमचे शुल्कही. खात्यातून थेट केलेल्या यूपीआय व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही, मात्र ‘पैसे मिळाले’ असे बोलणाऱ्या डब्याचे मासिक भाडे असते. ते गर्दीच्या दुकानात सहज वसूल होते, कारण गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवण्याची वेळच येत नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर होईल तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

बिल आणि मालाच्या नोंदीचे ॲप हा मात्र सबुरीने हाताळण्याचा विषय आहे, कारण येथेच सर्वाधिक उत्साह असतो आणि येथेच सर्वाधिक माघार घेतली जाते. जांभळी नाक्याच्या बाजारातील एखाद्या किराणा दुकानात हजारभर जिन्नस सहज असतात. ते सगळे पहिल्याच आठवड्यात ॲपमध्ये चढवायला बसले, तर तिसऱ्या दिवशी गर्दी होते, नोंदी अर्ध्यावर राहतात, ॲपमधला साठा आणि फळीवरचा साठा जुळेनासा होतो आणि मग त्या आकड्यांकडे कोणी पाहतही नाही. त्याऐवजी सर्वाधिक खपणारे पन्नास जिन्नस निवडावेत, रविवारी दुकान बंद झाल्यावर ते हाताने मोजावेत आणि तेवढ्यांचीच नोंद महिनाभर बिनचूक ठेवावी. तूरडाळ संपण्याच्या दोन दिवस आधी फोनने आठवण करून दिली की दुकानदाराचा विश्वास बसतो, आणि त्यानंतर उरलेले जिन्नस तो स्वतःहून चढवतो. या पहिल्या महिन्यात कागदी वही बंद करू नये. रोज रात्री वहीची बेरीज आणि ॲपची बेरीज शेजारी ठेवावी. फरक आला तर तो त्याच रात्री शोधावा, कारण आठवड्याने तो सापडत नाही.

उधारीची नोंद हा या ॲपचा सर्वांत लवकर दिसणारा फायदा आहे. उधारी बुडते ती बहुधा गिऱ्हाइकाच्या लबाडीने नव्हे, तर दोघांच्या संकोचाने. दुकानदाराला मागायला अवघड वाटते आणि गिऱ्हाइकाला आकडा आठवत नाही. ठरलेल्या तारखेला ॲपमधून तारीखवार तपशिलासह आठवण गेली की मागण्याचा अवघडपणा उरत नाही. तरीही पहिली आठवण पाठवण्यापूर्वी जुन्या गिऱ्हाइकांना तोंडी सांगावे की ‘काका, यापुढे हिशेब फोनवर येईल, राग मानू नका.’ हे न केल्यामुळे वीस वर्षांचे गिऱ्हाईक दुखावल्याचे उदाहरण माझ्यासमोर घडले आहे.

ज्यांचा धंदा दुकानात नसून गिऱ्हाइकाच्या घरी आहे, म्हणजे एसी दुरुस्ती, पाणी शुद्धीकरण यंत्रे, गाळणी-टाक्यांची सफाई, त्यांना ॲपचा लाभ वेगळ्या ठिकाणी मिळतो. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या कारागिराला फोनवरून ‘आता कुठे आहेस’ असे विचारण्यात दोघांचाही जीव जातो. सकाळीच माजिवडा, मानपाडा, कोलशेत अशा पट्ट्यांनुसार कामे वाटून प्रत्येकाच्या फोनवर दिली, तर एकाच कारागिराला कोपरीहून पुन्हा कासारवडवलीला पळावे लागत नाही. काम सुरू करण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा फोटो, बदललेल्या सुट्या भागाचे नाव आणि गिऱ्हाइकाची सही एवढे ॲपमध्ये घेतले की ‘हा पार्ट तुम्ही बदललाच नाही’ या तक्रारीचे उत्तर हाताशी राहते. अशा कामासाठी ॲप निवडताना ते नेटवर्कशिवाय चालते का, हे अवश्य तपासावे. विक्रेता त्याच्या कार्यालयात बसून दाखवतो तेव्हा सगळे झरझर चालते. उंच इमारतीच्या दुसऱ्या तळघरातील पंप-खोलीत उभे राहून तेच ॲप उघडून पाहावे. वार्षिक देखभाल कंत्राटांच्या तारखा मात्र पहिल्याच दिवशी भराव्यात, कारण विसरलेले नूतनीकरण म्हणजे न मागताच सोडून दिलेले उत्पन्न.

आता स्वतःच्या नावाच्या ॲपविषयी. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून हापूस घेऊन घरोघरी पेट्या पोचवणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला असे ॲप हवे होते. त्याचा हंगाम मार्च ते मे. म्हणजे गिऱ्हाइकाने वर्षातले नऊ महिने न लागणारे ॲप फोनमध्ये ठेवावे, अशी त्याची अपेक्षा होती. ते होणार नव्हते, आणि मी तसे सांगितले. आपले गिऱ्हाईक महिन्यातून किमान तीन-चार वेळा आपल्याकडे येत असेल, तरच स्वतंत्र ॲपचा विचार करावा. त्याआधी पुढील गणित कागदावर मांडावे. समजा, घरपोच सेवा देणाऱ्या मोठ्या ॲपवरून महिन्याला २५० रुपयांच्या ६०० ऑर्डरी येतात आणि कमिशन २० टक्के आहे. दीड लाखांवर ३०,००० रुपये कमिशन गेले. यातील एकतृतीयांश गिऱ्हाइके स्वतःच्या ॲपवर वळली, तर महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० रुपये वाचतील. ॲप बनवायला २ लाख आणि देखभालीला वर्षाला ४०,००० रुपये धरले, तर निव्वळ बचत वर्षाला ८०,००० उरते आणि गुंतवणूक सुटायला अडीच वर्षे लागतात. त्यात पोचवणाऱ्या मुलाचा पगार आणि पेट्रोल धरलेलेच नाही. तीच एकतृतीयांश गिऱ्हाइके व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर वळवली, तर दोन लाखांचा प्रश्नच येत नाही.

गणित तरीही जमत असेल, तर करारात चार गोष्टींवर अडून बसावे : गूगल प्ले आणि ॲपलची विकसक खाती (ज्यांवरून ॲप लोकांसाठी चढवले जाते) आपल्या नावाने असावीत, ॲपचा सोर्स कोड (ज्यातून ॲप बनते ते मूळ लिखाण) आपल्या ताब्यात यावा, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आपल्या ईमेलवर नोंदलेले असावे आणि ॲपवर सही करण्याच्या किल्लीची (नवी आवृत्ती चढवताना लागणाऱ्या गुप्त डिजिटल फाइलची) प्रत आपल्याकडे असावी. हे मी स्वानुभवाने सांगतो. माझ्या कार्यालयासाठी कागदपत्रे गोळा करणारे एक छोटे ॲप मी बनवून घेतले होते. बनवणाऱ्याने ते सोयीसाठी म्हणून स्वतःच्याच खात्यावर चढवले. पुढे त्याने धंदा बदलला, फोन घेणे थांबवले, आणि ॲपमधला माझा जुना पत्ता दुरुस्त करण्याचीही सोय मला उरली नाही. शेवटी नवे ॲप, नवे नाव आणि दीडशे गिऱ्हाइकांना पुन्हा विनवणी. गूगल प्लेचे खाते उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. ही रक्कम वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ नये. खाते नवे आणि वैयक्तिक असेल, तर गूगल आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून मागते, म्हणून दिवाळीला ॲप आणायचे असेल तर काम नवरात्रात सुरू करून चालत नाही. कपडे, खाद्यपदार्थ अशा प्रत्यक्ष वस्तूंच्या विक्रीवर गूगल कमिशन घेत नाही.

गिऱ्हाइकांची माहिती गोळा करताना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लक्षात ठेवावा. त्यातील तरतुदींनुसार कशासाठी कोणती माहिती घेतो हे सांगून संमती घ्यावी लागते, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. पोळी पोचवायला जन्मतारीख लागत नाही. मग ती विचारूच नये. कारागिरांच्या ॲपवर त्यांचे ठिकाण कामाच्या वेळेपुरतेच दिसावे आणि तसे त्यांना आधीच सांगावे.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच वही काढून सात दिवस तशाच नोंदी कराव्यात आणि जुन्या पानांशी ताडून पाहावे. पोळी-भाजी केंद्राच्या वहीत सुटलेले फोन अकरावरून दोनवर आले होते; पत्ता एकदाही चुकला नव्हता, पण ‘निरोप उशिरा पाहिला’ ही नवी नोंद चार वेळा आली होती, म्हणून आता साडेसहा ते आठ या वेळात फोन मालकीणबाईंच्या सासऱ्यांकडे असतो. ते चष्मा लावून ऑर्डरी मोठ्याने वाचतात आणि फळ्यावर खडूने लिहितात. तुमच्या वहीतले आकडे हललेच नसतील, तर ते ॲप बंद करावे. मात्र खाते पुसण्याआधी त्यातील गिऱ्हाइके, बिले आणि उधारी यांची एक्सेल प्रत उतरवून ती संगणकावर उघडते का, हे स्वतः पाहून घ्यावे.