चार्टच्या या चुका टाळा (निदान मला फोन करण्याआधी)

शेअरच्या भावाच्या चार्टमध्ये सगळ्यात जास्त डोकं खाते ती हाइकिन आशी या चार्टप्रकाराची चूक. दिसायला साधी कँडल (ठरावीक वेळेतला पहिला, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा भाव, म्हणजे ओपन, हाय, लो, क्लोज दाखवणारी काडी), पण आकडे सरासरीचे. क्लोज म्हणजे ओपन, हाय, लो, क्लोज या चौघांची सरासरी. ओपन म्हणजे आदल्या हाइकिन आशी कँडलच्या ओपन-क्लोजचा मध्य. त्या भावाला बाजारात एकही सौदा झालेला नसू शकतो, आणि गॅप (आदल्या क्लोजपासून भावाने मारलेली उडी) तर त्यात बुजूनच जातो.

ओळखीतल्या एका मुलाच्या शेअरचे निकाल रात्री वाईट आले. सकाळी सव्वानऊला त्याने मिळेल त्या भावाला विकायची मार्केट ऑर्डर टाकली, 490 मिळाले. चार्टवर ओपन मात्र 512! ब्रोकरने लुटलं म्हणून फोनवर भांडण, मग माझ्याकडे. मी फक्त चार्टचा प्रकार बदलला. शेअर उघडलाच होता 490 ला. आदली कँडल 508 आणि 516 ची, तिचा मध्य 512. तरी म्हणतो कसा, "पण काका, यात ट्रेंड किती स्वच्छ दिसतो!" दिसणारच, खाचखळगे बुजवल्यावर.

मी ट्रेंड बघायला हाइकिन आशी लावतो आणि ऑर्डर टाकताना साध्या कँडलवर येतो. हाइकिन आशीच्याच भावांवर बॅकटेस्ट (जुन्या आकड्यांवर चाचणी) करून 'सिस्टीम सापडली' म्हणणाऱ्यांशी वाद घालणं सोडलंय.

दुसरी चूक तासाच्या कँडलची. एनएसईचा (राष्ट्रीय शेअर बाजाराचा) दिवस सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे 375 मिनिटं. सहा कँडल पूर्ण होतात, सातवी उरते 15 मिनिटांची. तिचा व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले ते) बघून 'जोर संपला' म्हणणारे भेटतात. मी 75 मिनिटांची कँडल लावतो, दिवसात बरोबर पाच बसतात.

दुपारी एकला डेली चार्टवर (दिवसाला एक कँडल) हॅमर, म्हणजे खाली लांब शेपटीची, भाव वर वळेल असं सुचवणारी कँडल, दिसला म्हणून उडी मारू नका. साडेतीनपर्यंत त्याचं काहीही होऊ शकतं. ज्यांना तेवढा दम निघत नाही त्यांनी डेली चार्ट उघडूच नये.

लाइन चार्ट सहसा फक्त क्लोज जोडतो, त्यावरून स्टॉपलॉस (तोटा आवरायला बाहेर पडायचा भाव) ठरवू नका.

रेंकोत (भाव ठरावीक अंतर हलला की एक वीट मांडणारा चार्ट) नफा दिसेपर्यंत विटेचा आकार बदलत बसणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं.

आणि सेन्सेक्सचा जुना चार्ट लॉग स्केलवरच (सारख्या टक्क्यांना सारखी उंची) बघा. 2008 च्या जानेवारीत 21,000 ला टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 8,000 च्या खाली गेला होता. साध्या स्केलवर आज तो छोटासा खड्डा वाटतो.