पोटऱ्या भरून आल्या की तेल कसं लावायचं

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या गावाबाहेरचा डांबरी रस्ता पहाटे साडेचारलाच जागा होतो. पोरं १६०० मीटर मारतात, पोरी ८००, आणि मग शाळेच्या मैदानावर गोळाफेक. पहिल्या दिवशी वारं प्यायल्यासारखी धावतात. दुसऱ्या दिवशी त्यातलेच निम्मे ओसरीच्या दोन पायऱ्या भिंत धरून उतरतात. माझा पुतण्याही मागच्या हिवाळ्यात असाच उतरत होता. "काका, मांड्याईत कोनं खिळे ठोकल्यावानी वाटते," म्हणाला. हातात झोंबणाऱ्या मलमाची ट्यूब होती आणि तो ती जोरजोरात घासत होता. मी ती बाजूला ठेवायला लावली, चुलीवर पाणी ठेवलं आणि तिळाच्या तेलाची बाटली काढली.

त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर सांगतो.

आधी दुखणं ओळखा

सवय नसताना अंगाला ताण दिला की स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि तिथे थोडी सूज येते. उतारावर धावताना किंवा बैठक मारताना खाली जाताना ही इजा जास्त होते, कारण त्या वेळी स्नायू भार पेलत पेलत ताणला जातो. दुखणं लगेच जाणवत नाही. १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि चार-पाच दिवसांत आपोआप ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे दुखतं असं पोरं मैदानावर एकमेकांना सांगतात, पण ते व्यायामानंतर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट तेलाची. तेल स्नायूपर्यंत झिरपतं असा आपल्याकडे समज आहे. तेल कातडीच्या वरच्या थरातच राहतं. आराम मिळतो तो हाताच्या दाबामुळे आणि उबेमुळे. तेलामुळे हात घसरतो, कातडी ओढली जात नाही आणि चोळणं सोसवतं. कापूर किंवा निलगिरीमुळे कातडीला थंड-गरम वाटतं आणि दुखण्यावरचं लक्ष थोडं हटतं. म्हणून महागड्या बाटलीपेक्षा चोळणारा हात महत्त्वाचा.

कोणतं तेल घ्यावं

तीळ. मला विचाराल तर हिवाळ्यात आणि पावसाळ्यात दुसरं काही शोधूच नका. हे तेल फार पातळ नाही, फार चिकट नाही, कोमट केलं की हातात छान बसतं. शक्य असेल तर घाण्याचं घ्या. घाण्याच्या तेलाशी आपलं जुनं नातं आहे. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं, आणि गावचा तेलघाणा सुधारण्याचं काम तिथे मनापासून झालं. मी घाण्यावर जातो तेव्हा आधी तेलाचा थेंब तळहातावर चोळून वास घेतो. खवट वास आला की परत फिरतो.

जवस आपल्या विदर्भाचं पीक. चटणीला त्याला तोड नाही, पण नुसतं जवसाचं तेल मालिशला घेऊ नका. ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, म्हणूनच ते लाकडाला आणि रंगात वापरतात. घरात तेच असेल तर एक भाग जवस आणि तीन भाग तीळ असं मिसळा. एक धोकाही ध्यानात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. फडकं लगेच साबणाने धुवा आणि पसरून वाळत घाला.

गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल मिळतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. बाटली गरम पाण्यात उभी केली की पुन्हा पातळ होतं. मालिशला चांगलं आहे. मोहरीचं तेल मात्र काहींच्या कातडीला झोंबतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा खोबरेल बरं, तेही कोमट न करता.

तेल कढवायचं असेल तर

साधं तेलही चालतं. पण घरी निरगुडी असेल, आणि नाल्याकाठी ती हमखास असते, तर थोडी मेहनत घ्या. १०० मिली तिळाचं तेल, मूठभर निरगुडीची पानं, ५-६ लसणाच्या पाकळ्या, एक चमचा ओवा. पानं धुऊन फडक्याने कोरडी पुसा, ओली गेली तर तेल अंगावर उडतं. लोखंडी कढईत तेल मंद आचेवर ठेवा आणि पानं व ठेचलेला लसूण घाला. आधी बुडबुडे जोरात येतात, तो पानांतला ओलावा. हळूहळू ते कमी होतात, पानं काळपट होऊन चुरचुरीत होतात. आता ओवा टाका, अर्ध्या मिनिटात कढई खाली उतरवा. तेलातून धूर निघू देऊ नका.

पाणी उरलंय का ते पाहायला माझी आजी कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. तडतडली की म्हणायची, "अजून कच्चं हाये, राहू दे." शांत जळली की तेल तयार. ही परीक्षा कढईपासून लांब, ताटलीत करा.

गाळून घ्या. लसणाचा कण राहू देऊ नका, कच्चा किंवा अर्धवट शिजलेला लसूण कातडीवर राहिला तर भाजल्यासारखे फोड येतात. तेल कोमट झाल्यावरच त्यात दोन चिमटी भीमसेनी कापूर चुरून टाका. कापूर लवकर पेट घेतो, म्हणून चूल विझल्यावरच. काचेच्या कोरड्या बाटलीत भरा, वर तारीख लिहा, दोन महिन्यांत संपवा.

आता चोळायचं

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून रात्रभर ठेवा. खाज-लाली आली नाही तर पुढे जा.

धावून आल्या आल्या तेल लावू नका. आधी दहा मिनिटं चाला, पाणी प्या, घाम निवू द्या. संध्याकाळची वेळ सगळ्यात चांगली. वाटीत तेल घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, सुखाचं ऊन वाटलं पाहिजे, चटका नको. एका पायाला दोन चहाचे चमचे पुरतात.

खाटेवर नाही, खाली सतरंजीवर बसा. घोट्यापासून गुडघ्याकडे, गुडघ्यापासून मांडीकडे, असे लांब आणि हलके हात फिरवा. दोन-तीन मिनिटांनी पोटरी दोन्ही हातांत धरा आणि कणीक मळतो तशी हळू मळा. गाठ लागली की अंगठा तिथे ठेवून दाबा, पाच-सात श्वास थांबा, मग सोडा. दुखेल तेवढं चांगलं, हा समज सोडून द्या. दाबताना श्वास अडकला किंवा पाय आपोआप मागे ओढला गेला, म्हणजे दाब जास्त झाला. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यामागच्या खळग्यात दाब देऊ नका. एका पायाला दहा मिनिटं खूप झाली. शेवटी पुन्हा हलके हात, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं. तेलाचे तळवे पुसल्याशिवाय उठू नका, शहाबादी फरशीवर माणूस सरळ आडवा होतो.

सराव करणाऱ्या पोरींना इथे एक सांगावंसं वाटतं. पोरांचे पाय कुणीतरी रगडून देतं, पोरी घरी आल्या की थेट भांड्यांना लागतात. पाय तुमचेही तितकेच दुखतात. बसून आपल्या हाताने हे सगळं करता येतं, आणि आईने दहा मिनिटं दिली तर उत्तमच.

कधी हात लावायचा नाही

काही वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना माझा पाय मुरगळला. त्याच संध्याकाळी मी गरम तेल लावून तो घोटा दणकून चोळून घेतला. सकाळी पायात चप्पल जाईना. ताज्या मुरगळीला पहिले दोन दिवस चोळणं नको, गरम शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी लावा आणि पाय उंच ठेवा. टेकवलाच जात नसेल तर एक्स-रे काढा.

एकच पोटरी सुजली, गरम-लाल झाली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. मुळीच चोळू नका, डॉक्टर गाठा. अतिव्यायामानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. स्नायू जास्त प्रमाणात तुटले की त्याचा भार मूत्रपिंडावर येतो, तिथे तेलाचं काम नाही. कापूर घातलेलं तेल लहान बाळाला लावू नये, बाटली पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कापूर पोटात गेला तर झटके येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गंधपुऱ्याचं (विंटरग्रीनचं) तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. जखमेवर किंवा पुरळावर कुठलंच तेल नको.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी धावणं बंद ठेवलं, नुसता मारुतीच्या देवळापर्यंत चालून आला. चौथ्या दिवशी पायऱ्या भिंत न धरता उतरला. तेलामुळे उतरला असं मी म्हणणार नाही, चौथ्या दिवशी तसंही दुखणं ओसरतं. पण त्या पहिल्या रात्री तो कूस बदलताना कण्हला नाही, सकाळपर्यंत गाढ झोपला, हे मी शेजारच्या खाटेवरून पाहिलं आहे.